साठची लय

"आई, फोन चार तासांचा रस्ता दाखवत होता. सहा तास झाले," गाडी चालवणारी सून रडवेली झाली. घशाच्या ऑपरेशननंतर सासूबाईंचं आज पहिलं कीर्तन होतं आणि वेळ टळून गेली होती. तिनं गाडी शंभरवर नेली.

मांडीवरच्या झांजा सावरत सासूबाई म्हणाल्या, "साठवर आण गं. फोनला चहा लागत नाही, त्याला ट्रकही आडवे येत नाहीत."

"आणि लोक उठून गेले तर?"

सासूबाईंनी देवळात फोन लावला. पलीकडून आधी टाळ ऐकू आले, मग पुजारी. "सावकाश या ताई. आम्ही गजर धरलाय, तुम्ही येईपर्यंत सोडत नाही."

फोन चालूच ठेवून सासूबाईंनी त्या गजरात हळूच सूर मिळवला. आवाज लागला. सुनेचा पाय आपोआप सैल झाला, काटा साठवर आला.