दोन डायोड

डॉक्टरांनी रुद्राणीला बजावलं होतं, "एक मोठा आवाज कानात घुसला तरी वडिलांचं उरलंसुरलं ऐकणंही जाईल." म्हणून अप्पांसाठी बनवलेल्या श्रवणयंत्रात तिनं दोन डायोड उलटसुलट जोडले. व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलं की सिग्नलचा जादा भाग ते छाटायचे. लातूरला कॉलेजात ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आवाजाच्या लाटांचे शेंडे सपाट झालेले तिनं पाहिले होते. माणसाच्या कानावर परीक्षा आजच होती. चाकूरच्या घरी, रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या अप्पांना तिनं यंत्राचे हेडफोन चढवले, तेवढ्यात वरातीनं दारातच फटाक्यांची माळ पेटवली. अप्पांनी डोळे मिटले. एखादा डायोड निसटला असला तर? माळ संपताच तिनं विचारलं, "अप्पा, ऐकू येऊन राहिलं का?" अप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिनं ओठांसमोर हात धरून पुन्हा विचारलं. "हाव," ते म्हणाले. "लांब कुठंतरी फटाके वाजले न्हवं?"