खडीसाखरेची पुडी

सत्त्याण्णव सालच्या एका रविवारी शांती नगरजवळच्या बुद्धविहारात डॉक्टरीणबाई नशेच्या धोक्याबद्दल बोलल्या. भाषण संपल्यावर वैजयंता पुढे आली आणि पदराची गाठ सोडून तिने पांढऱ्या खड्यांची एक पुडी टेबलावर ठेवली. “माझ्या मुलाच्या, जीवनच्या खिशात सापडली. मला खडीसाखरच वाटली.” बाईंनी पुडी उजेडात धरली. “मुलगा झोपतो का?” “चार दिवस डोळ्याला डोळा नाही. कारखान्यात डबल ड्युटी करतोय ना.” “ताई, ही नशाच आहे. आधी झोप उडते, मग भलतेसलते भास होतात. घरच्यांवर संशय घेतो का?” “काल म्हणाला, तेजश्री माझ्या जेवणात विष कालवते. धाकटी बहीण हो त्याची, दहा वर्षांची.” “आत्ता कुठे आहे तो?” “घरीच आहेत दोघं. तो बाहेर जाऊ नये म्हणून मी बाहेरून कडी...” ती अनवाणीच घराकडे धावत सुटली.