लांबचे सव्वीस जण

माझी सून नीलांबरी दर रविवारी ईमेलवर एक पत्र लिहून लोकांना पाठवते. वाचणारे किती, म्हणून इचारलं तर म्हणाली, "सव्वीस, आत्याबाई. सगळे लांबचे, अनोळखी."

"बस्स? आपल्या घरच्या बारशाला याच्याहून जास्त बाया जेवून जातात!"

आमच्या घरची सून अन् वाचणारे सव्वीस? मला न्हाई खपलं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मी दारातच वही घेऊन बसले. "आधी ईमेल लिव्हा, मग वाण."

शालूबाई म्हणाली, "मला कुठला आलाय ईमेल?"

"मग पोराचा लिव्ह. स्टीलचा डबा काय फुकट देऊन राहिले का मी?"

दिवे लागेपर्यंत आमच्या अख्ख्या कुरुंदा गावातली एकशे चौदा नावं झाली. सुनेच्या हातात वही दिली, तर तिचा चेहराच उतरला. "हे सगळे वाचतील, आत्याबाई?"

"न वाचून जातात कुठं? एकेकीची परीक्षा घेईन!"

रविवारी पत्र गेलं, त्यात नुसती लिंबाच्या लोणच्याची रीत. बाया खूश, मी ऐटीत. लेकाला म्हणलं, आधीची पत्रं बी वाचून दाखव. त्यानं पहिलंच उघडलं अन् वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला: "घरात जे बोलता येत नाही, ते इथं लिहिते. बरं आहे, इथं मला कुणी ओळखत नाही."



अन् मी तिथं, वाण देऊन देऊन, अख्खं गाव नेऊन बसवलं.