सात नंबरचा पट्टा

ओली पोती आपटून आपटून राखणदाराचे तळहात सोलवटले, तरी वणवा आवरेना. बारा वर्षं पोटच्या पोरांसारखी जपलेली झाडं तडतडत पेटत होती. त्यानं कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, जंगल जळतंय! पाया पडतो, आगीचा बंब पाठवा!"

"कुठला पट्टा?" साहेब ओरडले.

"सात नंबर!"

पलीकडे कागद चाळले गेले. मग साहेबांनी हुश्श केलं.

"जीवच घेतलास की रे! सातची झाडं जो धूर शोषणार, त्याची कार्बन क्रेडिटं कधीच विकली. ती विकत घेणाऱ्या कारखान्याचा त्यांच्या जोरावर तेवढा धूर सोडूनही झाला. बंब शेजारच्या आठ नंबरला पाठवतो, तिथली अजून विकायची आहेत. आणि हे बघ, फोटोबिटो काढू नकोस. कागदोपत्री ती झाडं अजून चाळीस वर्षं उभी आहेत."