खैरुद्दीनची गाठ

मुश्रिफ पार्कमधल्या दोन वाळवंटी घाफच्या झाडांमध्ये जाळीचा झोपाळा टांगायचा होता आणि भानुदासला त्याच्या साखळ्या सापडत नव्हत्या. त्याने गाडीची डिकी पाहिली, सीटखाली पाहिलं. शेवटी तो ओरडला, "खैरू! इकडे ये. यल्ला, चल लवकर, तुझ्या दोरीने बांध."

खैरुद्दीन भानुदासच्या कंपनीत रिगर होता. इमारतींवर दोर लावायचा, वजनं चढवायचा. मूळ जयगडचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून गलबतावर वाढलेला. गेले दोन महिने मात्र साइटवर त्याला दोराला हात लावू देत नव्हते. आज पिकनिकला त्याला आणलं होतं ते कोळसा पेटवायला आणि खुर्च्या उचलायला.

त्याने खिशातून पेन्सिलीइतकी बारीक दोरी काढली. साल कापली जाऊ नये म्हणून बुंध्याला आधी गोणपाट गुंडाळलं. मग दोन वेढे, एक पीळ आणि टोक दुमडून आत. भानुदासची अकरा वर्षांची अंतरा जवळ उभी राहून बघत होती.

"ही सुरगाठ, बाय. भार पडला की आवळते. टोक ओढलं की मोकळी."

"लाइक अ शूलेस?"

"तशीच."

भानुदास म्हणाला, अजून ताठ ओढ. खैरुद्दीनने मान हलवली. "नाय शेठ, सैलच हवी. ताठ केली की दोरीवर उगाच जोर येतो." मग तो स्वतः आत बसला, दोनचार दणके दिले, दोन्ही गाठी हाताने चाचपल्या आणि उतरला.

करामा वस्तीतला त्याचा शेजारी यतीन हसत म्हणाला, "भानुदास, एवढ्याशा दोरीवर तू? जरा वजन बघ स्वतःचं."

"अरे, खैरूची गाठ आहे ती! हत्ती टांग. एक वेळ दोरी तुटेल, गाठ सुटायची नाही." भानुदास मटणाची ताटली पोटावर ठेवून आडवा झाला. जाळीच्या चौकोनांतून त्याच्या पाठीचं मांस बाहेर आलं.

खैरुद्दीन जागचा हलला नाही. "शेठ," तो हळूच म्हणाला, "हे लिहून द्याल का?"

चटईवर कांदा चिरत बसलेल्या कुमुदने वर पाहिलं. "काय लिहून द्यायचं?"

"हेच, भाभी. गाठ सुटायची नाही म्हणून. भिकाजीच्या रिपोर्टात तर सुटली असं लिहिलंय."

कुमुदची सुरी थांबली. नवऱ्याच्या ऑफिसातलं टायपिंग तीच करायची. अल नहदाच्या टॉवरवर भिंत रंगवायचा टांगता झुला तुटला आणि रंगारी भिकाजी तिसऱ्या मजल्यावरून खाली आला, तो रिपोर्टही तिनेच टाइप केला होता. 'रिगरच्या निष्काळजीपणामुळे गाठ सुटली,' असं त्यात होतं. भानुदास सामोसा खात सांगत होता आणि तिने 'नेग्लिजन्स'चं स्पेलिंग डिक्शनरीत बघून बरोबर केलं होतं.

"गाठ सुटली नव्हती?"

"गच्चीच्या पायपाला तशीच होती, भाभी. खाली दोन हात दोरी लोंबत होती. उन्हाने कुजलेली. तीनदा बोललो होतो शेठना, नवी आणा."

"मग तो तुकडा कुठे आहे?"

"टाकला कचऱ्यात," भानुदास जाळीतूनच म्हणाला. त्याने मटणाची नळी तोंडाला लावून आतला मगज ओढला. हनुवटीवर तुपकट ओघळ आला, तो त्याने मनगटाने पुसला. "घाण कशाला जपून ठेवायची? झालं ते झालं, खलास. खैरू, ती चटणी दे इकडे."

खैरुद्दीनने चटणीची वाटी उचलली आणि दिली.

कुमुदने सुरी खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाच्या अंगाचा वास वीस वर्षं तिच्या उशीला होता. आज तो चार हातांवरून येत होता आणि तिला श्वास घेववेना.

"भिकाजी कुठे आहे आता?"

"गुहागरला, घरी," खैरुद्दीन म्हणाला. "कमरेखाली काही हलत नाही. बायको कुशीवर वळवते तेव्हा वळतो."

यतीन मोबाइल काढून उगाच बटणं दाबत राहिला. भानुदासने बोटं चाटली आणि जाळीत बाजूला सरकून जागा केली. "अंतरा, ये गं बाळा. बाबाजवळ ये, झोका घेऊ."

"आय डोन्ट वॉन्ट टू," अंतरा म्हणाली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

कुमुद उठली. बाटलीतलं पाणी हातांवर ओतून तिने बोटं घासली. पुन्हा ओतलं, पुन्हा घासली. मग पर्समधून डायरी आणि पेन काढलं.

"काय चाललंय तुझं?" भानुदास कोपरावर उठायला गेला, पण झोपाळा डुलला आणि तो परत आत घसरला. "कुमुद, बस खाली. आणि खैरू, तू एक शब्द जास्त बोललास तर उद्याच्या फ्लाइटने घरी. व्हिसा माझ्या हातात आहे, लक्षात ठेव."

खैरुद्दीनने मान खाली घातली. "राहू दे, भाभी. घरी चार तोंडं आहेत."

"रिपोर्ट मी टाइप केलाय. खाली टाइप करणाऱ्याची सही माझी आहे," कुमुद म्हणाली. "मी खोटं टाइप केलं, एवढं तर मला लिहिता येईल. तुम्ही काही बोलू नका. फक्त नाव सांगा."

"नाव तर ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"पूर्ण नाव. त्या कागदात मी नुसतं 'रिगर' लिहिलं होतं."

त्याने एकदा झोपाळ्याकडे पाहिलं, मग तिच्या पेनाकडे. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"खैरुद्दीन," तो म्हणाला. "खैरुद्दीन इस्माईल मुकादम."

"सावकाश सांगा," कुमुद म्हणाली. "स्पेलिंग चुकायला नको."