तिथेच थांब

शहरावर पडलेल्या बॉम्बमधून तेलासारखं विष उडालं होतं. दवाखान्याच्या अंगणात आम्ही नर्सेस विष अंगावर उडालेल्या लोकांना पाइपने धूत होतो. रांग मोडून आई हात पसरून माझ्याकडे धावली. “जिवंत आहेस गं बाई!” तिच्या स्वेटरवर तेलकट डाग होते. “आई, तिथेच थांब! हात लावू नकोस मला!” मी ओरडले. ती जागीच थिजली. स्वेटर डोक्यावरून ओढला असता तर विष डोळ्यांत गेलं असतं, म्हणून मी तो कात्रीने उभा कापला. “अगं, सगळे बघतायत,” ती पुटपुटली. मी साबण लावत राहिले, पाणी सोडत राहिले. तिच्या पाठीवर फोड आले, पण आई वाचली. युद्ध संपलं. आज माझं बाळ रडतंय. आई दारातच घुटमळते. “घे ना त्याला,” मी म्हणते. “घेते की,” आई म्हणते आणि पुन्हा हात धुवायला जाते.