थडग्यावरचा हक्क

“पाचला खिडकी बंद होते, ब्रेकेबाई,” कारकून पर्डीने सगळे कागद सेल्माकडे परत सरकवले. “रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. टॉर्बोर्गची कबर हलवता येणार नाही.”

 सोमवारी धरणाचे दरवाजे बंद होणार होते. डाकोटातलं ते जुनं नॉर्वेजियन कबरस्तान पाण्याखाली जाणार होतं, आणि ज्यांचे रक्ताचे वारस पुढे येतील तेवढ्याच कबरी टेकडीवर हलणार होत्या. घरी सेल्माची आई शेवटच्या घटका मोजत होती. तिचा एकच धोशा, मला टॉर्बोर्ग आजीशेजारी ठेव. आई लहानपणीच पोरकी झालेली, या आजीनंच तिला वाढवलेलं.

तीन वर्षं सेल्मा घराण्याचे कागद उकरत होती. विस्कॉन्सिनहून आयोवा, आयोवाहून इथं. दर मुक्कामाला एक लग्न नाहीतर एक मयत. पणजोबाची पहिली बायको मारिट. १८७७ च्या उन्हाळ्यात नदी ओलांडताना ती बैलगाडीसकट वाहून गेली. पानगळ सुरू व्हायच्या आत त्याने टॉर्बोर्गशी लग्न लावलं. सेल्माच्या आजीचा, आईच्या आईचा, जन्म त्याच सुमाराचा, पण नक्की कधीचा? जन्माची वही चर्चबरोबर जळून गेलेली. शिरगणतीत पोरीचं वय दोन की तीन, तेही मेलं शाईच्या डागात गेलेलं.

“तुमच्या आजीचं नाव मारिट,” पर्डी म्हणाला. “पहिल्या बायकोचंही मारिट. लेकीला आईचं नाव, सरळ हिशोब आहे. तुमची टॉर्बोर्ग सावत्र.”

 मनातून सेल्मालाही तेच वाटत होतं, आणि तेच तिला खात होतं.

“साहेब, तिने माझ्या आईला लहानाचं मोठं केलं हो,” ती रडकुंडीला आली. “आईला जाऊन काय सांगू मी?”

“नियम मी नाही केलेले, बाई.” त्याने खिडकीची फळी ओढायला घेतली.

मागे म्हातारा टॉर्गेर उभा होता, बायकोच्या कबरीचा कागद न्यायला आलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पुढे होऊन फळीला हात लावला.

“थांब रे जरा. ती मारिट वाहून गेली त्याआधी पोर झालेली की नंतर, एवढंच अडलंय ना?”

“एवढंच.”

“मग नॉर्वेच्या माणसाला विचारायचं होतंस. पोर टॉर्बोर्गचीच. जित्या आईचं नाव आमच्यात लेकीला कुणी ठेवत नाही. मागून आलेली बायको आपल्या पोटच्या पहिल्या पोरीला ठेवते ते, गेलेल्या सवतीचं.”